एकच फ्रेम पाहिजे भाऊ: साध्या ग्राफिक्स कार्डावर गेममधले भारी फोटो कसे काढायचे

गेममधला एखादा फोटो स्टेटसला टाकला की आमच्या ग्रुपमधून दहा मिनिटात प्रश्न येतोच, "का रे भो, कार्ड कोणतं घेतलं?" मी सांगतो की तेच जुनं, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, सहा जीबीवालं, २०१६ सालचं मॉडेल आणि तेही सेकंडहँड. मग समोरचा एक तर म्हणतो फेकू राहिला, नाहीतर म्हणतो नेटवरून उचललेला फोटो असेल. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पाठवून देता येईल.

मुद्दा सोपा आहे पण लोकांच्या डोक्यात बसत नाही. गेम खेळायला सेकंदाला ६० फ्रेम लागतात, फोटोला एक लागते. ६० फ्रेमचा हिशोब लावला तर कार्डाला एक चित्र काढायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात सावल्या, गवत, पाणी, धुकं सगळं उरकायचं असतं, म्हणून मग आपण सेटिंग खाली आणतो आणि गेम पळवतो. पण फोटो काढताना घाई कोणाला आहे? हिरो उभा आहे, गेम थांबलेला आहे, आता तेच चित्र काढायला कार्डाने पाव सेकंद घेतला काय अन् अर्धा सेकंद घेतला काय, फोटोत ते दिसत नाही. त्यामुळे खेळताना जी सेटिंग आपल्या कार्डाला झेपत नाही तीच फोटोपुरती बिनधास्त लावायची. कॅमेरा फिरवताना अडखळेल, बैलगाडीसारखा चालेल, चालू द्या. फोटो काढला की परत जुन्या सेटिंगवर या.

ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण सायबरपंक २०७७ मधे आहे. एप्रिल २०२३ ला त्यांनी १.६२ चा पॅच दिला त्यात पाथ ट्रेसिंग आलं, म्हणजे उजेडाचा प्रत्येक किरण कुठे आपटून कुठे जातो त्याचा खराखुरा हिशोब. ते चालता चालता खेळायला फार तगडं कार्ड लागतं. पण त्याच पॅचमधे रे ट्रेसिंग (किरणांचा असाच पण हलका हिशोब) जमणाऱ्या आणि किमान आठ जीबी मेमरी असलेल्या बाकीच्या कार्डांसाठी फक्त फोटो मोडपुरता (गेम थांबवून कॅमेरा फिरवता येतो तो मोड) पाथ ट्रेसिंगचा ऑप्शन दिला. गेम बनवणाऱ्यांनीच मान्य केलं ना मग, की खेळायला झेपत नाही ते फोटोला झेपतं.

कार्ड घ्यायचं असेल तर

आता एक अडचण. वेग कमी असला तरी चालतो, पण मेमरी कमी असली की खेळ खल्लास. कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, भरली की टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रं, पुसट येतात, भिंतीवर नुसता शेणाचा लेप दिल्यासारखं दिसतं, नाहीतर गेम सरळ बंद पडतो. आणि रिझोल्यूशन वाढवलं की मेमरी जास्त लागणारच. त्यामुळे फोटोसाठी कार्ड बघणाऱ्याने आधी जीबी बघायचे मग वेग. खेळणारे लोक उलटं करतात आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

जीटीएक्स १६५० असेल, चार जीबी, तर फोरके (३८४० बाय २१६०) मधे सगळं अल्ट्रा लावायच्या नादी लागू नका, टेक्स्चर एक पायरी खाली ठेवा आणि बाकी सगळं वर ढकला. एएमडीचं आरएक्स ५८० आठ जीबीवालं जुनं असलं तरी या कामाला अजून बरं आहे, फक्त वीज खातं, १८५ वॅट. आरएक्स ६६०० आठ जीबी, १३२ वॅट, हे मला आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी जास्त आवडतं. आणि आरटीएक्स ३०६० बारा जीबीवालं मिळालं तर फोटोवाल्या माणसाने दुसरीकडे बघूच नये, कारण मेमरी भरपूर आणि रे ट्रेसिंगही आहे. १७० वॅट खातं, त्यामुळे एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कोणत्या कंपनीचा आणि किती वॅटचा आहे ते आधी बघा, कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर भरोसा ठेवू नका.

सेकंडहँडचं सांगतो कारण त्यात मी तोंड पोळून घेतलंय. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग (कार्डावर गणितं चालवून कॉइन कमावणं) बंद झालं आणि मायनिंगची कार्डं पोत्याने बाजारात आली. त्यात चांगली पण असतात, मायनिंगवालं कार्ड म्हणजे वाईटच असं काही नाही. पण मी पहिलं जे कार्ड ऑनलाईन एका माणसाकडून मागवलं ते बॉक्सवर जीटीएक्स १०५० टीआय, ड्रायव्हर मधे पण तेच नाव, आणि आतून कुठलं तरी कितीतरी जुनं कार्ड, त्याचं बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून नाव चिकटवलेलं. तो माणूस नंतर फोन उचलेना. मला कळलं कसं, तर जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते उघडलं की नकली कार्डाच्या नावाआधी ते सरळ फेक म्हणून लिहितं. तर पैसे द्यायच्या आधी जीपीयू-झेड उघडायला लावा, मग पंधरा-वीस मिनिटं फरमार्क (कार्डाला ताण देणारं सॉफ्टवेअर) किंवा एखादा जड गेम चालवायला लावा आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन येतात का ते बघा. फोटोच्या माणसाला एक ठिपकाही चालत नाही. दुसरं कार्ड मी जळगावच्या गोलाणी मार्केटमधे समोर बसून, चालवून, चहा पिऊन घेतलं, तेच हे १०६०.

उन्हाळा आणि लाईट

पुण्या-बंगलोरची पोरं जे व्हिडिओ बनवतात त्यात ही गोष्ट कोणी सांगत नाही कारण त्यांना गरजच नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ असतं, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी चाळीसच्या वर, आणि त्याच हवेने तुम्ही कार्ड थंड करायला निघालेत. १०६० सारखी कार्डं ८३ डिग्रीच्या आसपास पोचली की स्वतःच वेग कमी करतात. फोटोला वेग नकोच म्हणा, पण तासभर तसंच तापत ठेवलं तर पंख्यांचं आणि आतल्या पेस्टचं आयुष्य कमी होतं.

मी काय करतो, एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमधे कार्डाचं पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणतो आणि गेमला ३० फ्रेमचा लगाम घालतो. उन्हाळ्यात एवढं केलं की माझं कार्ड दहाएक डिग्रीने खाली येतं आणि फोटोत शून्य फरक पडतो, कारण वर सांगितलं तेच, आपल्याला पळायचं नाहीये. कूलर मात्र कॅबिनेटच्या तोंडावर लावू नका. आमच्या शेजारच्या पोराने वाळ्याचा कूलर सरळ उघड्या कॅबिनेटसमोर ठेवला होता, हवा थंड येते म्हणून, आणि महिनाभरात आत स्क्रूंना गंज. खोली थंड करा, कॅबिनेट आपोआप होतं.

आणि कापूस. ज्यांचं घर जिनिंगच्या आसपास आहे त्यांना सांगायची गरज नाही, दिवाळीनंतर फिल्टरवर पांढरी गोधडी जमते. पंधरा दिवसाला एकदा ब्लोअर मारा, पण मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने तो गरगर फिरला तर बेअरिंग जातं.

लाईटचं तर काय बोलायचं. एकदा दोन तास एका डोंगरावर धुकं येण्याची वाट बघत बसलो होतो, धुकं आलं, कॅमेरा लावला, आणि लाईट गेली. तेव्हापासून यूपीएस आहे. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, १०६० सगळं मिळून त्यात बसतं, सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. आणि सवय लावून घ्या, जागा सापडली की आधी गेम सेव्ह करायचा, मग कॅमेरा.

फोटो सेव्ह कुठे आणि कसा होतो

हे पटकन सांगतो. स्टीमवर (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप) एफ १२ दाबलं की फोटो निघतो, पण मुळात तो जेपीजी असतो, रंगांच्या कडा दाबलेल्या, रात्रीच्या आकाशात पट्टे पट्टे दिसतात. स्टीमच्या सेटिंगमधे स्क्रीनशॉटची अनकंप्रेस्ड कॉपी ठेवायचा ऑप्शन आहे, तो चालू करा, म्हणजे पीएनजी मिळते. एनव्हिडियावाल्यांना ऑल्ट आणि एफ १, आणि कोणतंच काही नसेल तर विंडोज, ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र, तो व्हिडिओजमधल्या कॅप्चर्स फोल्डरला जातो. नुसत्या प्रिंट स्क्रीनने फुलस्क्रीन गेममधे पुष्कळदा काळी पाटी मिळते, तेव्हा कार्ड खराब झालं म्हणून घाबरू नका.

फोटो गेममधे मस्त दिसतो आणि बाहेर काढल्यावर पांढराफटक, धुतलेल्या बनियनसारखा, असं होत असेल तर ९९ टक्के एचडीआर (स्क्रीनचा जास्त उजळ रंगांचा मोड) चालू आहे. फोटो काढताना बंद करा.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो त्याचं पार भरीत करतो.

मॉनिटर साधा, फोटो फोरके

माझा मॉनिटर १०८० पी, म्हणजे १९२० बाय १०८० चा, आहे आणि फोटो ३८४० बाय २१६० चे निघतात, हे लोकांना जादू वाटतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधे थ्रीडी सेटिंगमधे डीएसआर फॅक्टर्स म्हणून एक ओळ आहे, २०१४ पासून आहे, त्यात ४ एक्सवर टिक करा. आता गेममधल्या रिझोल्यूशनच्या यादीत फोरके दिसायला लागेल. यादीत आलं नाही तर आधी विंडोजच्या डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन वाढवा, काही गेम डेस्कटॉपचंच ऐकतात. त्याच्याच खाली स्मूथनेस नावाचा स्लायडर आहे, तो मुळात ३३ टक्क्यांवर असतो, ४ एक्स लावलं असेल तर शून्यावर आणा. आपल्या मॉनिटरवर चित्र परत छोटं करून दाखवताना जो मऊपणा येतो तो त्याने जातो. एएमडीवाल्यांनी त्यांच्या सॉफ्टवेअरमधे व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन चालू करायचं, काम तेच.

याच्या पुढची पायरी म्हणजे हॉटसॅम्पलिंग. नाव मोठं आहे, प्रकार असा की गेम विंडोमधे चालवायचा, आरामात १०८० पी मधे फिरायचं, जागा शोधायची, फ्रेम लावायची, आणि एकदम शेवटी एसआरडब्ल्यूई नावाच्या छोट्या टूलने फक्त ती विंडो फोरके किंवा त्याहून मोठी करायची, फोटो घ्यायचा, परत लहान करायची. विंडो स्क्रीनच्या बाहेर जाते, आपल्याला अर्धंच दिसतं, पण फोटो पूर्ण येतो. सगळे गेम ऐकत नाहीत. पण जे ऐकतात त्यात कार्ड फक्त दहा-पंधरा सेकंद घामाघूम होतं, बाकी वेळ निवांत, आणि उन्हाळ्यात मला हेच पाहिजे असतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आजकालच्या गेममधे कडा गुळगुळीत करायला टीएए वापरतात, ते मागच्या काही फ्रेमचा डेटा घेऊन चालतं. म्हणजे कॅमेरा हलवल्या हलवल्या बटण दाबलं तर केसांच्या आणि पानांच्या कडेला भुतासारखी सावली येते. कॅमेरा सोडा, मनात तीन म्हणा, मग दाबा. कार्ड जितकं हळू तितकं जास्त थांबायचं.

सेटिंगमधे काय बंद करायचं ते पण सांगून टाकतो: मोशन ब्लर, क्रोमॅटिक ॲबरेशन, फिल्म ग्रेन, विनेट. हे सगळं नंतर फोटोत टाकता येतं, आधीपासून असलं तर काढता येत नाही. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ एक्सवर ठेवा, त्याचा कार्डाला जवळपास भारच नसतो आणि लांबवर जाणारा रस्ता, फरशी, रुळ एकदम चोख दिसतात. सावल्या आणि लांबचं दिसण्याचं अंतर, हे दोन सगळ्यात वर. केस, गवत जमेल तसं.

आता कार्ड विसरा

इथपर्यंत जे सांगितलं ते एका संध्याकाळी येतं. मला पुढचं शिकायला दोन वर्षं लागली आणि ते शिकवलं पाचोऱ्याच्या मामांनी, ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. मामांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. मी एकदा मोठ्या हौसेने लॅपटॉपवर दोन-तीनशे फोटो दाखवले, ड्रॅगन, स्फोट, तलवारी, मामा शेवभाजी खात खात बघू राहिले आणि दर फोटोला एकच विचारायचे, "हा उजेड कुठून येऊ राहिला रे भाच्या?" मला सांगता येईना. दुपारी बारा वाजताचा सूर्य, डोक्यावर, सगळीकडे सारखा. मामा म्हणे आपल्याकडे दुपारी बाराला नवरीचा फोटो कोणी काढतं का, डोळ्याखाली खड्डे दिसतात.

तेव्हापासून मी गेममधे आधी सूर्य शोधतो. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असेल तर सगळं दिसतं पण सपाट. बाजूला असेल तर चेहऱ्याला आकार येतो. पात्राच्या मागे असेल तर केसांना, घोड्याच्या आयाळीला, गवताच्या टोकांना सोनेरी कडा येते, आणि गेममधलं गवत मागून उजेड आला की जेवढं खरं दिसतं तेवढं दुसऱ्या कशाने दिसत नाही. खरं बघायचं असेल तर हिवाळ्यात संध्याकाळी यावल-रावेरकडे केळीच्या बागेच्या कडेला उभं राहा आणि सूर्याकडे तोंड करून पान बघा. पानाच्या शिरा दिसतात, हिरवा रंग पेटल्यासारखा होतो. तोच प्रकार गेममधे शोधायचा.

आपल्याच खान्देशात चाळीसगावला केकी मूस होऊन गेले. स्टेशनजवळच्या घरातून हा माणूस वर्षानुवर्षं बाहेर पडायचा नाही म्हणतात, १९८९ मधे गेले, आता त्या घरात त्यांचं संग्रहालय आहे. त्यांचं नाव झालं टेबलटॉप फोटोग्राफीत, म्हणजे टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, प्रकाश पाडायचा, आणि फोटोत अख्खा देखावा उभा करायचा. मामांनी मला तिथे नेलं होतं. मी तिथून आलो ते हेच डोक्यात घेऊन की खोलीत बसून खोट्या जगाचा फोटो काढणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त उजेड खरा पाहिजे. आणि गंमत बघा, एनव्हिडियाने २०१६ मधे गेममधे कॅमेरा मोकळा सोडून फोटो काढायचं जे टूल आणलं त्याला नाव दिलं ॲन्सेल, अमेरिकेतले डोंगरदऱ्यांचे कृष्णधवल फोटो काढणारे ॲन्सेल ॲडम्स यांच्यावरून. ते डोंगर चढायचे, आपले मूस टेबलाशी बसायचे, आपण मूसांच्या पार्टीतले.

दुसरी गोष्ट झूमची. जवळपास प्रत्येक फोटो मोडमधे फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्यात मावणारा कोन, बदलता येतो. नवीन पोरं कॅमेरा पात्राच्या नाकाला नेऊन भिडवतात आणि चेहरा भोपळ्यासारखा फुगतो. उलटं करा, कॅमेरा मागे न्या आणि फील्ड ऑफ व्ह्यू कमी करा. आमचे स्टुडिओवाले मामा चेहऱ्याला ८५ एमएमची लेन्स लावतात, तिचा आडवा कोन २४ अंशाच्या आसपास पडतो, तेवढं गेममधे ठेवलं की चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो आणि मागचे डोंगरही जवळ ओढल्यासारखे मोठे येतात. जागा मोठी दाखवायची असेल तेव्हाच कोन रुंद करा आणि तेव्हा पुढ्यात काहीतरी ठेवा, दगड, कुंपण, झाडाची फांदी, नाहीतर सगळं लांब आणि रिकामं.

उभा फोटो पाहिजे, मोबाईलच्या वॉलपेपरला, तर आडव्या फोटोचे दोन्ही बाजू कापू नका, अर्ध्याहून जास्त फोटो वाया जातो. फोटो मोडमधे कॅमेरा ९० अंश आडवा पाडता येत असेल तर पाडा, मान वाकडी करून फ्रेम लावा, आणि नंतर फोटो सरळ फिरवा. पूर्ण रिझोल्यूशनचा उभा फोटो. घरातले विचारतील मान का वाकडी केली, सांगा व्यायाम.

एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत

विचर ३ घेतो, कारण त्यात डिसेंबर २०२२ च्या फुकट अपडेटने फोटो मोड आला आणि तो माझ्या १०६० वर डायरेक्टएक्स ११ मधे चालतो.

वेलनच्या दलदलीच्या भागात एक कच्चा रस्ता आहे, दोन्ही बाजूला वाकडी झाडं, पलीकडे पाणी. पहिल्यांदा मी तिथून दुपारी गेलो आणि काहीच वाटलं नाही. जागा मात्र लक्षात राहिली, कारण रस्ता पूर्वेकडे जात होता, म्हणजे सकाळी सूर्य बरोबर रस्त्याच्या तोंडाशी येणार. या गेममधे ध्यानाला बसून पाहिजे तो तास निवडता येतो, तर गेमच्या हिरोला, गेराल्टला, बसवलं आणि पहाटे पाचला उठवलं. आकाश ढगाळ. परत चोवीस तास बसवलं. पाऊस. परत बसवलं. आमची आई मागून म्हणे, तो बिचारा नुसता बसू राहिला, काही खायला तरी दे त्याला. चौथ्या दिवशी आकाश मोकळं आणि पाण्यावर पातळ धुकं.

आता घोडा बोलावला, रोच. गेराल्ट घोड्यावर, पाठ कॅमेऱ्याकडे नाही, थोडी तिरकी, म्हणजे गालाची कडा आणि पाठीवरच्या दोन तलवारी दोन्ही दिसतील. सूर्य अजून झाडांच्या मागेच होता तेव्हाच थांबवलं, कारण पूर्ण वर आला की मधोमध पांढरा ठिपका होतो आणि त्यात काहीच रहात नाही. फोटो मोड उघडला, कॅमेरा घोड्याच्या गुडघ्याच्या उंचीला खाली आणला, कोन कमी केला, कॅमेरा जमेल तेवढा मागे. कॅमेरा पात्रापासून ठराविक अंतराच्या पुढे जात नाही, तिथे अडकलो, मग बाहेर येऊन घोडाच चार पावलं पुढे नेला आणि पुन्हा सगळं लावलं. गेराल्ट डावीकडच्या तिसऱ्या भागात, त्याच्यासमोर रस्ता मोकळा, कारण माणूस जिकडे बघतो तिकडे जागा लागते. फोकस त्याच्यावर, मागची झाडं किंचित मऊ, किंचितच. ॲपर्चर पूर्ण उघडून मागचं सगळं लोणी करून टाकायची सवय सोडा, मग जागा कोणती ते कळतच नाही, गेराल्ट स्टुडिओत पडद्यासमोर बसल्यासारखा दिसतो.

बटण दाबायच्या आधी घोड्याचे कान बघितले. एक कान मागे होता, मेल्यासारखा दिसायचा. बाहेर, आत, बाहेर, आत, असं सातव्या वेळी दोन्ही कान पुढे मिळाले. फोरके, सगळं अल्ट्रा, कार्डाच्या पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा, तीन म्हटलं आणि फोटो. सगळं मिळून दीड तास. त्या दिवसाचा एकच फोटो ठेवला.

मामांना दाखवला तर उजेडाचं काही विचारलं नाही, घोडं कोणाचं आहे ते विचारलं.

नंतरची डागडुजी

ज्या गेममधे फोटो मोड नाही तिथे रीशेड टाकता येतं, फुकट आहे, रंग, धार, मागचं मऊ करणं सगळं देतं. काही गेमसाठी लोकांनी बनवलेली कॅमेरा टूल्सही मिळतात. पण हे सगळं फक्त एकट्याने खेळायच्या गेममधे. ऑनलाईन गेममधे अँटीचीट बसलेलं असतं, त्याला तुमची कला वगैरे कळत नाही, त्याला फक्त दिसतं की गेममधे कोणीतरी हात घातलाय, अकाउंट उडालं की कोणाकडे रडणार.

फोटो एडिट करताना मी फार काही करत नाही. क्षितिज सरळ, सावल्या थोड्या वर, रंग किंचित उबदार. सॅच्युरेशन वाढवायची खाज सुटली की फोटो बंद करून दुसऱ्या दिवशी बघा.

आणि छापायचा असेल तर हिशोब असा. ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, धरलं तर १०८० पीचा फोटो ६.४ बाय ३.६ इंच, म्हणजे पोस्टकार्डाएवढा. फोरकेचा १२.८ बाय ७.२ इंच, भिंतीवर लावण्यासारखा. डीएसआरचा सगळा खटाटोप इथे वसूल होतो. मॉनिटर मागून उजेड मारतो आणि कागद मारत नाही, त्यामुळे स्क्रीनवर बरोबर वाटलेला फोटो कागदावर काळपट येतो. छापायला देण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस निम्मा करून बघा, मग जेवढा अंधार वाटेल तेवढा फोटो उजळा, आणि आधी चार बाय सहाची छोटी प्रिंट काढून बघा. मी पहिल्यांदा डायरेक्ट मोठी काढली, अशी काळी आली की गेराल्ट कुठे आणि घोडा कुठे ते मलाच शोधावं लागलं. ती मामांच्या स्टुडिओत आहे अजून, चहाच्या ग्लासांखाली.